वाचकांचे प्रश्न : ऑफ-रोड कॅरव्हॅन घेताय? आधी वजनकाट्यावर चला

मागच्या अंकात आम्ही कॅरव्हॅनबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराबद्दल, प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्न, सिडनी, पर्थ, ब्रिस्बेन, अ‍ॅडलेड सगळीकडून प्रश्न आले, एक तर थेट पुण्याहून आला. कोविडमध्ये बॉर्डर बंद झाल्या तेव्हापासून आपल्या लोकांमध्येही कॅरव्हॅनचं वेड खूप वाढलंय. मी इथे मेलबर्नला विकत घेण्याआधी कॅरव्हॅन तपासून द्यायचं काम करते, त्यामुळे रोज कोणाची तरी व्हॅन खालून, आतून, छतावरून बघत असते. आलेले प्रश्न वाचले तर निम्मे वजनाचे आहेत आणि निम्मे बांधणीचे, पण मला विचाराल तर हा एकच प्रश्न आहे. व्हॅन जितकी जड तितका तिच्या चॅसीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर), स्क्रूवर, वेल्डिंगवर मार जास्त, आणि आजकाल ते वजन मजबुतीत कमी आणि दिसणाऱ्या गोष्टींमध्ये जास्त घातलं जातं. तेव्हा उत्तरं जरा मोठी झालीत, समजून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं आणि दोन मुलं, एक आठ वर्षांचा आणि एक पाच. पुढच्या वर्षी तीन महिने सुट्टी काढून ऑस्ट्रेलिया फिरायचा प्लॅन आहे. २१ फुटी बंक व्हॅन पसंत केलीय, डबल अ‍ॅक्सल, ऑफ-रोड, ब्रोशरवर टेअर २८५० किलो आणि एटीएम ३३०० किलो लिहिलंय. आमची ड्युअल कॅब यूट (चार दारांची पिकअप) आहे, टोइंग कपॅसिटी ३५०० किलो. डीलर म्हणाला अजून २०० किलो हातात आहेत, बिनधास्त घ्या. यूटच्या मॅन्युअलमध्ये जीव्हीएम ३१०० आणि जीसीएम ६००० आहे, रिकामी गाडी २१०० किलो. घेऊ का?
– एक वाचक, टारनीट, मेलबर्न

तुम्ही सगळे आकडे पाठवलेत हे फार चांगलं केलंत. आणि माझं उत्तर आहे, या यूटमागे ही व्हॅन घेऊ नका. आता का ते सांगते, आणि कागद-पेन घेऊन माझ्याबरोबर मांडा.

टेअर म्हणजे रिकामी व्हॅन, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, गॅसच्या बाटल्या रिकाम्या. एटीएम म्हणजे सगळं सामान भरून व्हॅन जास्तीत जास्त किती किलो होऊ शकते तो आकडा, त्याच्यापुढे गेलात की बेकायदेशीर. दोन्हीमधला फरक तुमचा पेलोड, म्हणजे ४५० किलो. ऐकायला खूप वाटतं ना? आता ९५ लिटरच्या दोन टाक्या भरा, एक लिटर पाणी एक किलो, १९० किलो गेले. ९ किलोच्या दोन बाटल्यांमधला गॅस, १८ गेले. राहिले २४२. मग डीलर तुम्हाला ऑप्शन्सची यादी दाखवेल, दुसरी २०० अँपिअरची लिथियम बॅटरी साधारण २५ किलो, वॉशिंग मशीन, मागे दुसरं स्टेपनी चाक ३५-४० किलो, पुढच्या टूलबॉक्समध्ये जनरेटर, तंबूच्या भिंती, आणि हे बरंचसं व्हॅन फॅक्टरीतून निघाल्यावर लागतं त्यामुळे ते ब्रोशरच्या टेअरमध्ये मोजलेलंच नसतं. हे सगळं मिळून १३० किलो आरामात होतं. म्हणजे चार माणसांचे तीन महिन्यांचे कपडे, अंथरुण-पांघरुण, खुर्च्या, मुलांच्या सायकली, कुकर, कढई, मिक्सर, तांदूळ, कणीक, डाळी सगळ्यासाठी उरले ११० किलोच्या आसपास. आपली माणसं किराणा किती भरतात तुम्हाला माहितीच आहे, ११० किलोत हे बसत नाही.

ही झाली व्हॅन, आता यूट. ३५०० टोइंग कपॅसिटी हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो पण तो एकटा कधीच चालत नाही. जीव्हीएम म्हणजे गाडी माणसांसकट, सामानासकट आणि व्हॅनचा जो भार हुकवर येतो त्याच्यासकट जास्तीत जास्त किती. हुकवरचा भार, ज्याला इथे बॉल वेट म्हणतात, तो साधारण व्हॅनच्या १० टक्के धरतात, म्हणजे ३३० किलो. ३१०० मधून गाडीचे २१०० आणि हे ३३० वजा केले की राहिले ६७०. ठीक वाटतंय, पण जीसीएम अजून बाकी आहे, म्हणजे गाडी आणि व्हॅन दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती. ६००० मधून व्हॅनचे ३३०० गेले की गाडीला २७०० उरतात, त्यातून रिकामी गाडी २१०० वजा करा, ६०० राहिले. म्हणजे इथे तुम्हाला जीव्हीएम नाही तर जीसीएम अडवतोय, आणि हे डीलर सांगत नाही. आता त्या ६०० मध्ये बुलबार, टोबार, मागची कॅनोपी, रूफ रॅक सगळं धरलं तर पावणेतीनशे-तीनशे, तुम्ही चौघं दोनशेच्या आसपास. उरले शंभर-सव्वाशे किलो, त्यात गाडीतला फ्रिज, टूल्स, रिकव्हरी गिअर आणि जास्तीचं डिझेल बसवायचं. शिवाय हुकवरचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवर ३३० पेक्षा जास्तच बोजा येतो आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भाग पुढच्या चाकांवर चालतो हे लक्षात घ्या. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते, बऱ्याचदा बाकी सगळं बसतं आणि तीच आधी ओलांडली जाते.

कोणीतरी तुम्हाला जीव्हीएम अपग्रेड करून घ्या म्हणेल, मागे जाड स्प्रिंग टाकून कागदावर जीव्हीएम वाढवून देतात. पण जीसीएम बऱ्याचदा तेवढाच राहतो, आणि तुमचं घोडं जीसीएमवरच अडलंय. त्यामुळे ते पैसे घालवू नका. १८-१९ फुटी व्हॅन बघा, टेअर २२००-२३०० च्या आत आणि पेलोड कमीत कमी ५५०-६०० किलो. मुलं लहान आहेत, बंक त्यातही मिळतात, वॉशिंग मशीन नाही घेतलं तरी बहुतेक कॅरव्हॅन पार्कमध्ये लाँड्री असते. आणि काहीही घ्या, करारात लिहून घ्या की ताबा देण्याआधी तुमच्या सगळ्या ऑप्शन्ससकट व्हॅन वजनकाट्यावर चढवायची आणि पावती तुमच्या हातात द्यायची, व्हॅनवर लावलेल्या वजनाच्या प्लेटवरचं टेअर आणि काट्यावरचं टेअर जुळलं नाही तर उरलेले पैसे द्यायचे नाहीत. डीलर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

प्रश्न : आम्ही मागच्या वर्षी लाखभर डॉलरची नवी ऑफ-रोड व्हॅन घेतली. यंदा जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडबडीत मातीच्या गिब रिव्हर रोडला गेलो. डर्बीहून निघालो आणि दुसऱ्या दिवशीच वरची दोन कपाटं भिंतीतून सुटून खाली आली, मायक्रोवेव्ह लोंबकळत होता, आतमध्ये लाल धुळीचा थर, आणि कनुनराला पोचल्यावर एकाने दाखवलं की पुढच्या लोखंडी ए-फ्रेमला बॉडीजवळ चीर गेलीय. डीलर म्हणतो तुम्ही कॉरुगेशनवर (लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर) नेलीत, हा वापराचा दोष, वॉरंटीत येत नाही. ब्रोशरवर डोंगर-नदीतले फोटो आहेत हो. आम्ही काय करायचं?
– एक वाचक, वेंटवर्थव्हिल, सिडनी

सगळ्यात आधी, ती चीर असताना व्हॅन ओढू नका, घरापासून वर्कशॉपपर्यंतसुद्धा नाही, ट्रकवर टाकून न्या. ए-फ्रेम म्हणजे व्हॅन आणि गाडी यांना जोडणारा त्रिकोण, तो सुटला तर तीन टन लोखंड रस्त्यावर मोकळं सुटतं आणि समोरून कोणाची तरी मुलंबाळं येत असतात.

आता हक्काचं. ऑस्ट्रेलियात ऑफ-रोड कॅरव्हॅन म्हणजे नेमकं काय याची कायद्यात व्याख्या नाही, कुठली कंपनी त्यात गिब धरते, कुठली फक्त चांगला मातीचा रस्ता धरते, आणि ते वॉरंटीच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहिलेलं असतं. पण वॉरंटीचं पुस्तक हा शेवटचा शब्द नाही. ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉप्रमाणे वस्तू मान्य होण्यासारख्या दर्जाची असली पाहिजे, तिचं जे वर्णन केलं त्याप्रमाणे असली पाहिजे आणि ज्या कामासाठी तुम्ही सांगून घेतली त्या कामाला योग्य असली पाहिजे, आणि ही हमी कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे, वॉरंटी संपली म्हणून ती संपत नाही. डीलर तुम्हाला कंपनीकडे जा म्हणून टोलवू शकत नाही, त्याने विकली तर जबाबदारी त्याची. दोष मोठा असेल, म्हणजे आधी माहीत असता तर कोणी शहाण्या माणसाने ती घेतलीच नसती असा किंवा ज्याने वस्तू असुरक्षित होते असा, तर पैसे परत की नवी वस्तू हे तुम्ही ठरवायचं, डीलरने नाही. छोटे छोटे बरेच दोष मिळूनसुद्धा एक मोठा दोष धरता येतो. ए-फ्रेमला चीर हा माझ्या दृष्टीने छोटा दोष कुठल्याच अर्थाने नाही.

तुम्ही एकटे नाही हेही सांगते. एसीसीसी म्हणजे इथला ग्राहकांसाठीचा सरकारी आयोग, त्यांनी जुलै २०२२ मध्ये नव्या कॅरव्हॅनच्या विक्रीवर रिपोर्ट काढला, त्यांच्या सर्व्हेत उत्तर देणाऱ्या मालकांपैकी ८० टक्के लोकांनी व्हॅनमध्ये काही ना काही प्रॉब्लेम आल्याचं सांगितलं. अशा सर्व्हेत त्रास झालेले लोक जास्त हिरिरीने लिहितात हे धरलं तरी आकडा लहान नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला सिद्ध करायला लागेल. डीलर म्हणणार तुम्ही ओव्हरलोड केली, टायरमध्ये हवा जास्त होती, वेगाने पळवली. आणि खरंच, भलत्याच पद्धतीने वापरली तर ही हमी लागू होत नाही. कॉरुगेशनवर काय होतं बघा, रस्त्याच्या त्या बारीक लाटांवर चाक सतत वर-खाली होतं, शॉक अ‍ॅबसॉर्बर ती हालचाल गिळतो आणि तिची उष्णता करतो, तासन्‌तास असं झालं की तो इतका तापतो की आतलं तेल पातळ होऊन त्याचा जोर जातो, आणि मग तोच मार स्प्रिंगमधून चॅसीला, चॅसीतून भिंतींना, भिंतींतून कपाटाच्या स्क्रूला. टायर शहरातल्यासारखे कडक असतील तर टायरही काही गिळत नाही. म्हणून मातीच्या रस्त्यावर हवा साधारण पाव भागाने कमी करायची, वेगही कमी ठेवायचा, आणि मध्ये मध्ये थांबून शॉक अ‍ॅबसॉर्बरजवळ हात नेऊन बघायचं, भट्टीसारखी धग आली तर थांबायचं. तुम्ही हे केलं असेल तर त्याचे पुरावे गोळा करा, हवेच्या मशीनचा फोटो, जीपीएसचा वेग, काट्याची पावती असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर व्हॅन जशी आहे तशी, सामान न उतरवता, ट्रकवर नेताना तिचं वजन करून घ्या.

कपाटांबद्दल मला राग येतो तो वेगळाच. वरची कपाटं कितीतरी व्हॅन्समध्ये पातळ प्लायला छोट्या स्क्रूंनी लावलेली असतात, भिंतीच्या आत जिथे फ्रेमची पट्टी असायला हवी तिथे ती नसतेच, स्क्रू नुसता तीन मिलिमीटरच्या प्लायमध्ये. तुमच्या सुटलेल्या कपाटामागची भोकं बघा, फोटो काढा. पोकळ भोक दिसलं, मागे काहीच नाही, तर तो वापराचा दोष नाही, ती बांधणी आहे, आणि स्वतंत्र इंजिनिअर ते एका पानात लिहून देतो. तो रिपोर्ट जोडून डीलरला लेखी पत्र द्या, फोनवर बोलू नका, उत्तराला दोन आठवडे द्या, मग एनएसडब्ल्यू फेअर ट्रेडिंग (राज्याचं ग्राहक तक्रारींचं खातं) आणि तिथेही नाही झालं तर एनकॅट (राज्याचं ट्रायब्युनल). हे करताना फेसबुकवर डीलरला शिव्या घालत बसू नका, केस लांबते.

प्रश्न : लाकडी फ्रेम, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम की कॉम्पोझिट पॅनल? प्रत्येक डीलर दुसऱ्याला वाईट म्हणतो.
– एक वाचक, पर्थ

तिन्ही चांगल्या बनू शकतात आणि तिन्ही वाईट बनलेल्या मी बघितल्यात. लाकडी फ्रेम थोडी लवचिक असते, हलते, स्क्रू धरून ठेवते, दुरुस्तीही सोपी, पण एकदा आत पाणी शिरलं की बाहेरून चकचकीत आणि आतून भुसा. अ‍ॅल्युमिनियम कुजत नाही, पण वेल्डिंगच्या जोडांना सततच्या हादऱ्यांनी चिरा जाऊ शकतात, आणि ऊन-थंडी धातूतून सरळ आत येते. कॉम्पोझिट म्हणजे दोन फायबरग्लासच्या पत्र्यांमध्ये फोम, हलकं असतं, वजन वाचतं आणि तो वाचलेला भार तुमच्या पेलोडमध्ये येतो, म्हणून मला ते आवडतं. पण तिथे सगळी मदार गोंदावर आणि कापलेल्या कडांवर, खिडकीसाठी भोक पाडलं आणि कड नीट बंद केली नाही तर पाणी फोमच्या कडेने आत चालत जातं आणि पत्रा फुगतो.

म्हणून मी लोकांना सांगते की फ्रेमपेक्षा भोकं मोजा. छतावरचं प्रत्येक हॅच, एसी, सोलरचा स्क्रू, अँटेना, बाहेरचा प्रत्येक दिवा, ग्राहकाला गंमत म्हणून दिलेला बाहेरचा टीव्ही आणि बाहेरचं किचन, एकेक म्हणजे पाण्याला आणि धुळीला एकेक दार. सीलंट कुठलं वापरलंय विचारा, बाथरूमचं साधं सिलिकॉन असेल तर ते हादऱ्यांनी सुटतं, पॉलियुरेथेन सीलंट आणि खाली ब्युटाइल टेप असेल तर कोणीतरी विचार केलाय असं समजा. धुळीचंही तसंच, व्हॅन पळते तेव्हा आतला दाब बाहेरपेक्षा कमी होतो आणि धूळ सापडेल त्या फटीतून ओढली जाते, फ्रिजच्या मागची जाळी, दाराखालचं रबर, गॅस-पाण्याच्या पाइपसाठी जमिनीला पाडलेली भोकं. ती भोकं फोमने बुजवलेली आहेत का हे वाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : ब्रूस हायवेवर ९५ च्या वर गेलं की व्हॅनचं शेपूट हलतं, मोठा ट्रक पास झाला की जास्तच. व्हॅनला स्टॅबिलिटी कंट्रोल आहे तरीही. मागच्या बारवर दोन स्टेपन्या, दोन जेरी कॅन आणि मुलांच्या सायकली आहेत, बाकी काही वेगळं नाही. वजन एटीएमच्या आत आहे, मी करून घेतलंय.
– एक वाचक, ब्रिस्बेन

वजन आत आहे हे उत्तम, पण वजन कुठे आहे हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं, आणि तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. मागच्या बारवर तुम्ही १५० किलोच्या आसपास टांगलेत. व्हॅन चाकांभोवती डावी-उजवीकडे फिरते, आणि टोकाला टांगलेलं वजन एकदा हललं की थांबायला तयार होत नाही, शिवाय मागे भार टाकला की पुढे हुकवरचा भार कमी होतो. बॉल वेट मोजून घ्या, भरलेल्या व्हॅनच्या ८ टक्क्यांच्या खाली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. एक स्टेपनी चॅसीखाली घालता येते का बघा, सायकली गाडीत टाका, जेरी कॅन व्हॅनच्या मागे मला पटतच नाहीत, कोणी मागून ठोकलं तर आतलं इंधन कुठे जाईल. जड सामान, म्हणजे डबे, टूल्स, धान्य, ते चाकांच्या जवळ आणि जमिनीलगत. पाण्याची टाकी पुढची रिकामी आणि मागची भरलेली असं कधी होऊ देऊ नका.

स्टॅबिलिटी कंट्रोल व्हॅनचे ब्रेक आपोआप लावून वाचवतं हे खरं, पण ते शेवटचा आधार म्हणून आहे, चुकीच्या लोडिंगवरचा उपाय नाही. आणि शेपूट हलायला लागलं तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंगने उलट-सुलट सावरायला जाऊ नका, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू काढा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरच्या बटनाने फक्त व्हॅनचे ब्रेक थोडे लावा. ते बटन कुठे आहे हे बायकोलाही, आणि जे कोणी चालवणार त्या सगळ्यांना, रिकाम्या रस्त्यावर एकदा दाबून दाखवा.

तुमचा त्याच पत्रातला दुसरा प्रश्न, एटीएमची प्लेट बदलून वाढवून मिळते का. कधी कधी मिळते, पण साखळीतली सगळ्यात कमजोर कडी जेवढी तेवढीच, टायर, अ‍ॅक्सल, सस्पेन्शन, कपलिंग (गाडीच्या हुकवर बसणारा सांधा), चॅसी यातला सगळ्यात कमी आकडा कुठला ते बघून कंपनी किंवा अधिकृत इंजिनिअर लिहून देतो. नुसती नवी पट्टी छापून कोणी चिकटवून देत असेल तर तिथून निघा.

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो, आम्ही दोघं जानेवारीत येतोय. त्याने कॅरव्हॅन घेतलीय. माझ्या मिस्टरांचे गुडघे दुखतात, गाडीत पाय आखडतात. प्रवासात आम्ही मागे कॅरव्हॅनमध्ये बेडवर पडून राहिलो तर चालेल का? भारतात तर व्हॅनमध्ये मागे बसतात.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

काकू, अजिबात नाही. भारतात तुम्ही बघितली ती मोटर कॅरव्हॅन असेल, इंजिन आणि सीट बेल्ट असलेली, ती माणसांनी आत बसून जाण्याकरताच बनवतात. इथली मागे ओढायची कॅरव्हॅन हा ट्रेलर आहे, तो चालू असताना त्यात माणसाने बसणं बेकायदेशीर आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत बेल्ट नाही, भिंती पातळ, व्हॅन उलटली तर वाचवणारं काही नाही. काकांना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे, दर दीड तासाला रेस्ट एरियात थांबून पाच मिनिटं चाला, आणि बेडवर पाय पसरून झोपायचं ते थांबल्यावर. मुलाला सांगा दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर गाडी हाणू नकोस.

प्रश्न : बजेट ४५ हजार डॉलर, तेव्हा सेकंड हँड बघतोय, चार-पाच वर्षं जुनी ऑफ-रोड व्हॅन. तुमच्यासारखं कोणी इथे ओळखीचं नाही. मी स्वतः काय बघू?
– एक वाचक, अ‍ॅडलेड

जुनी घ्यायला मी कधीच नको म्हणत नाही, खूप वेळा पहिल्या मालकाने सगळे दोष सहन करून दुरुस्त केलेले असतात. जुने कपडे घालून जा, एक टॉर्च, एक सतरंजी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते ओलावा मोजायचं छोटं मशीन घेऊन जा. मालक आत सोफा आणि कॉफी मशीन दाखवायला बोलावेल, तुम्ही आधी खाली झोपा.

ए-फ्रेम जिथे बॉडीखाली शिरते तो जोड, दोन्ही बाजू, टॉर्च तिरका धरून बघा, रंगात केसासारखी रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसला तर ती चीर असू शकते, आणि फक्त तेवढ्याच जागी ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त सावध. मग सस्पेन्शनचे हात चॅसीला जिथे बसवलेत ते ब्रॅकेट, शॉक अ‍ॅबसॉर्बरवर तेल ओघळलंय का, त्यांची बोल्टची भोकं लांबट झालीत का. मागचा बार, ज्यावर स्टेपन्या टांगतात, त्याच्या मुळाशी हमखास चिरा सापडतात, तिथे हाताने धरून हलवा. ब्रेकच्या वायरी, ग्रे वॉटरचे (वापरलेल्या पाण्याचे) पाइप सगळ्यात खाली लोंबतायत का, टाक्यांखाली दगडांपासून वाचवणारा पत्रा आहे का. टायरची झीज एका बाजूला जास्त असेल तर अ‍ॅक्सल वाकडा किंवा अलाइनमेंट गेलेली, आणि टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष, नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षं जुने असतील तर त्यांचे पैसे किमतीतून वजा करा.

आत गेलात की नाक वापरा, बंद व्हॅनला कुबट वास आला तर कुठेतरी पाणी आहे. खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, शॉवरची बाहेरची बाजू, पुढच्या बूटचा (सामानाच्या कप्प्याचा) तळ, सगळीकडे मशीन लावा आणि एकाच भिंतीवर कोरड्या जागेपेक्षा कुठे आकडा एकदम उडतो ते बघा. भिंतीला अंगठा दाबा, मऊ लागता कामा नये. वरची कपाटं दोन्ही हातांनी धरून थोडं ओढा. गॅसचं आणि २४० व्होल्टच्या वायरिंगचं सर्टिफिकेट मागा, मध्ये कोणी सोलर-लिथियम स्वतःच बसवलं असेल तर त्याचंही.

कागदांत एक महत्त्वाची गोष्ट. आधी ४.५ टनांच्या आतले ट्रेलर नियमात बसतात असं बनवणाराच स्वतः लिहून द्यायचा. रोड व्हेइकल स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट २०१८ हा १ जुलै २०२१ पासून लागू झाला, जुन्या पद्धतीतून नव्यात यायला दोन वर्षं दिली होती, आणि आता नव्या कॅरव्हॅनच्या प्रकाराला मंजुरी लागते आणि प्रत्येक व्हॅन सरकारी रजिस्टरवर चढते. व्हॅन त्या काळानंतरची असेल तर व्हीआयएन नंबर (चॅसी नंबर) टाकून ऑनलाइन बघता येतं. सरकारच्या रिकॉलच्या (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांच्या) साइटवर त्या कंपनीचं नाव टाकून बघा, चुकीच्या वजनाची प्लेट, कपलिंग, ब्रेक यासाठी कॅरव्हॅनचे रिकॉल निघत असतात आणि जुन्या मालकाने ते काम करून घेतलेलंच असेल असं नाही. पण रजिस्टरवर नाव आहे म्हणजे व्हॅन मजबूत आहे असं समजू नका, तिथे दिवे, ब्रेक, मापं, प्लेट हे बघतात, कपाटाचा स्क्रू कोणी बघत नाही.

पसंत पडली तर पैसे देण्याआधी मालकाला म्हणा, जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर जाऊ, पैसे मी देतो. टाक्या रिकाम्या करून आणि मालकाचं सामान काढून वजन करा, दोनदा, एकदा गाडीपासून सोडवून पूर्ण व्हॅनचं आणि एकदा गाडीला जोडलेली असताना फक्त व्हॅनची चाकं काट्यावर ठेवून, दोन्हीतला फरक तुमचा बॉल वेट. चार-पाच वर्षांत लोकांनी इतकं काही जोडलेलं असतं की प्लेटवरचं टेअर आता खरं राहिलेलं नसतं. समजा प्लेटवर पेलोड ४०० आहे आणि काट्यावर कळलं की त्यातले २०० आधीच खर्च झालेत, तर एकतर किंमत उतरवा आणि जोडलेलं अर्धं काढून टाका, नाहीतर दुसरी व्हॅन बघा. घेतलीत तर पहिल्या शंभर किलोमीटरवर थांबून टॉर्क रेंचने सगळे व्हील नट परत घट्ट करा, आणि ती काट्याची पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, पुढे किती सामान भरता येईल ते तिच्यावरूनच मोजायचं.